बंद गॅरेजातली शॅडो नको

वाचकाचं पत्र थोडक्यात असं:

"वयाला ५८ वर्षं झाली. लहानपणी एका मासिकात रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून ती गाडी मनातून गेलेली नाही. आता मुलं मार्गी लागली, हाताशी थोडे पैसे आहेत. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. पहिली १९७२ ची सिल्व्हर शॅडो. १८ वर्षं एकाच बंद गॅरेजात कापडाखाली उभी होती. ओडोमीटरवर फक्त ३१ हजार मैल, रंग आरशासारखा. मालक म्हणतो, ब्रेकचं थोडं काम आहे, बाकी गाडी नवी कोरी. दुसरी १९७८ ची शॅडो टू. १ लाख १४ हजार मैल झालेत, ड्रायव्हरच्या सीटचं चामडं भेगाळलंय, मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. पण तिचा मालक आठवड्यातून एकदा तरी ती बाहेर काढतो आणि त्याच्याकडे बिलांच्या तीन जाड फाइली आहेत. किंमत दोघींची जवळपास सारखीच. मित्र एकमुखाने सांगतात, पहिली घे, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही. पत्नी म्हणते, दोन्ही नकोत, दारात हत्ती बांधायचा नाही. पुढे जग्वार, रोव्हर घेऊन छोटासा संग्रह करावा असंही मनात आहे. काय करू?"

दुसरी घ्या.

उत्तर आधीच सांगून टाकलं, कारण तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून पहिल्या गाडीची ओढ जाणवते आणि ती मला काळजीत टाकते. ३१ हजार मैल आणि आरशासारखा रंग म्हटलं की कोणाचाही जीव तिच्यात अडकेल. पण सिल्व्हर शॅडो ही उभं राहून टिकणारी गाडी नाही. १८ वर्षांच्या विश्रांतीनं तिचं जेवढं नुकसान होतं, तेवढं लाखभर मैलांच्या नियमित वापरानं होत नाही. असं का, ते जरा नीट सांगतो. एकदा ते समजलं की कोणतीही जुनी गाडी पाहताना नजर आपोआप योग्य जागी जाईल.

शॅडो १९६५ साली बाजारात आली. त्याआधीच्या रोल्समध्ये सांगाडा वेगळा आणि त्यावर बसवलेली बॉडी वेगळी असायची. शॅडोत पहिल्यांदाच दोन्ही एकजीव झालं. कंपनीचे डिझायनर जॉन ब्लॅचली यांनी तिला साधा, सरळ रेषांचा आकार दिला. आजही ती समोर आली की त्या साधेपणामुळेच माणूस थबकतो. त्या साध्या पत्र्याखाली मात्र त्या काळातली अतिशय गुंतागुंतीची यंत्रणा बसवली होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक हवेत, गाडीत चार माणसं आणि सामान भरलं तरी तिची उंची आपोआप तीच राहावी, हा हट्ट पुरा करायला रोल्स-रॉईसनं सिट्रोएन या फ्रेंच कंपनीकडून उच्च दाबाच्या हायड्रॉलिक्सचा परवाना घेतला. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारे दोन छोटे पंप ब्रेकचं ऑइल दाबून दोन लोखंडी गोळ्यांत भरतात. गोळ्याच्या आत रबराचा पडदा असतो, त्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला ऑइल. दाब चढतो चौरस इंचाला सुमारे २,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे आपण टायरमध्ये भरतो त्या हवेच्या जवळजवळ ८० पट. तुमचा पाय ब्रेकवर फक्त टेकतो. दोन टनांची गाडी थांबवतो तो साठवलेला दाब.

एवढा दाब धरून ठेवायचं काम कोणाकडे? रबराकडे. पंपाची सीलं, गोळ्यातले पडदे, चाकांकडे जाणारे होज पाइप, मागची उंची सांभाळणारे रॅम, सगळीकडे रबर. रबर हललं, ओलं राहिलं, तर टिकतं. एका जागी पडून राहिलं की आकसतं, कडक होतं, धातूला चिकटून बसतं. आणि शॅडोतलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी चालत असली, ऑइल वेळच्या वेळी बदललं गेलं, तर काही बिघडत नाही. गाडी उभी राहिली की तो ओलावा सखल जागी साचतो आणि स्टीलचे पाइप व कॅलिपरचे (चाकाची डिस्क आवळून धरणारा भाग) पिस्टन आतून गंजवतो. बाहेरून काहीच दिसत नाही. १८ वर्षं!

तुमच्या पहिल्या गाडीचा मालक खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही. त्याला ते खरंच "ब्रेकचं थोडं काम" वाटत असेल. पण शॅडोत थोडं काम नसतंच. एक सील गेलं असेल तर त्याच वयाची बाकीचीही गेलेलीच असतात. एक होज बदललात की दाब पुढच्या कमकुवत होजवर जातो. पंप, गोळे, कॅलिपर, होज, रॅम असं सगळं उतरवून एकदम करावं लागतं. हे काम जाणणारे मेकॅनिक जगात कुठेही मोजकेच. शिवाय १८ वर्षांपूर्वीचं पेट्रोल टाकीत आणि कार्ब्युरेटरात डिंकासारखं घट्ट बसलेलं असणार.

आणि इंजिन. हे इंजिन म्हणजे रोल्स-रॉईसच्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. हे अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन १९५९ साली सिल्व्हर क्लाउड टू मध्ये प्रथम आलं, १९७० मध्ये ६.२३ लिटरवरून ६.७५ लिटरचं झालं आणि त्याच घराण्यातलं इंजिन बेंटले मुल्सानमध्ये २०२० सालापर्यंत बनत होतं. ६० वर्षं! तेव्हा इंजिनाच्या ताकदीबद्दल शंका नको. पण ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि त्यातले सिलिंडरचे लायनर ओतीव लोखंडाचे, त्यांच्याभोवती थेट पाणी खेळतं. त्या पाण्यात चांगला कूलंट नसेल, किंवा कूलंट वर्षानुवर्षं तोच असेल, तर दोन धातूंमध्ये आतल्या आत गंजाचा खेळ सुरू होतो आणि मागच्या सिलिंडरांजवळ गाळ साचतो. उभ्या गाडीचा कूलंट कोण बदलतो?

हे मी ऐकीव सांगत नाही. २० वर्षांपूर्वी मी स्वतः नऊ वर्षं उभी असलेली शॅडो घेतली होती. गडद निळी, आतून फिकट पिवळं चामडं. पहिले दोन रविवार ती इतकी सुरेख चालली की मी घरी येऊन नुसता तिच्याकडे बघत बसायचो. तिसऱ्या रविवारी उतारावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, मागोमाग दुसरा लागला, आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. हँडब्रेक ओढून, कडेच्या गवतात घालून कशीबशी थांबवली. नंतर सीलं काढली तेव्हा ती फुगून दुप्पट जाड झाली होती. आधी कुठल्यातरी गॅरेजात कोणीतरी त्यात चुकीचं ऑइल ओतलं होतं. ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत जे शिकलो, त्याच्या जोरावर हे सदर लिहितो आहे.

म्हणून ऑइलचं एकदा पक्कं डोक्यात बसवा. शॅडोला लागतं ते आरआर ३६३ नावाचं खास ब्रेक ऑइल. १९८० साली तिच्या जागी सिल्व्हर स्पिरिट आली आणि तिच्यापासून कंपनीनं हिरवं खनिज ऑइल वापरायला सुरुवात केली. एकाचं दुसऱ्यात गेलं की सगळी सीलं गेलीच म्हणून समजा. गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला सहज विचारा, "ऑइलचा डबा दाखवता का?" जो माणूस डबा शोधायला लागतो, त्याची गाडी जरा जास्त बारकाईने पाहा. जो चटकन फळीवरून काढून दाखवतो, त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

आता दुसऱ्या गाडीकडे वळू. ती चांगली असेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर गाडी घेऊ नका.

जायच्या आधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिली गोष्ट, बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. गरम इंजिन बरेच आजार झाकतं. थंड सुरू होताना ते कुरकुरतं का, धूर कसला येतो, हे तुमच्यासमोर व्हायला हवं. रेडिएटरचं झाकणही इंजिन थंड असतानाच उघडून पाहा. कूलंट स्वच्छ रंगीत असेल तर ठीक, तपकिरी गढूळ पाणी असेल तर काळजीचं कारण आहे.

मग ब्रेकची परीक्षा. हिला ना हत्यार लागतं ना मेकॅनिक, आणि शॅडो घेणाऱ्या प्रत्येकाने ती करायलाच हवी. इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा, डॅशबोर्डवरचे ब्रेकचे दोन्ही लाल दिवे विझलेले असू देत. इंजिन बंद करा. इग्निशन पुन्हा चालू करा, पण इंजिन सुरू करू नका. आता ब्रेक पेडल दाबा, सोडा, दाबा, सोडा आणि मोजत राहा. प्रत्येक दाबाला गोळ्यातला थोडा थोडा साठा संपतो. २०-२५ च्या पुढे जाऊनही दिवा लागला नाही तर गोळ्यांत दम आहे. दहाच्या आतच लागला तर नायट्रोजन गेलेला आहे, गोळे भरून किंवा बदलून घ्यावे लागतील. तेवढ्यानं सौदा मोडायचं कारण नाही, पण किमतीत ते धरा. आणि शंभरावर जाऊनही दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नका. बल्ब उडालेला असू शकतो, किंवा कोणी काढून ठेवलेला असू शकतो. तसा बल्ब काढलेली गाडी मी पाहिली आहे.

नंतर मागच्या सीटवर दोन धडधाकट माणसं बसवा, इंजिन चालू, गियर न्यूट्रलमध्ये. तुम्ही बाहेर उभे राहून मागच्या चाकाच्या कमानीकडे बघा. माणसं बसताच गाडी खाली दबेल आणि थोड्या वेळानं हळूच वर उचलली जाईल. ती उचलली जाताना पाहणं हा एक वेगळाच आनंद आहे, तोही घ्या.

गंजाकडे वळताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. आणि चुंबक दाराला, बोनेटला किंवा डिकीच्या झाकणाला चिकटलं नाही तर घाबरू नका. शॅडोची दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचंच आहे. कारखान्यातूनच तसं आलंय. याचाच अर्थ, तुमच्या पत्रातला तो मागच्या दाराचा फुगलेला रंग हा लोखंडाचा गंज नाही. रंगाखाली पांढरी भुकटी दिसेल, ती अॅल्युमिनियमची. दिसायला वाईट, पण गाडीच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. एक चांगला पेंटर ते निस्तरेल. खरी तपासणी आहे ती लोखंडी भागाची. चाकांच्या कमानी, दारांखालचे सिल (लांब लोखंडी पट्टे), पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, डिकीचा तळ, आणि मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ती जागा. इथे चुंबक चिकटायलाच हवं. चिकटलं नाही तर पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली आहे. ही गाडी एकजीव बांधणीची आहे हे मघाशी सांगितलं, ते इथे महत्त्वाचं. वेगळी चासी नाही, म्हणजे सिल आणि तळ हाच गाडीचा कणा. तो कुजला तर वरचा रंग कितीही चमको, वरून कीर्तन आतून तमाशा. गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहू द्या, एवढी एक अट घाला. नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

टायरची नक्षी पाहू नका, वय पाहा. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यातला. कमी चालणाऱ्या गाड्यांत नक्षी नव्यासारखी असते आणि रबर मात्र मेलेलं असतं.

भेगाळलेलं चामडं, उतरलेलं लाकूड याबद्दल थोडं. अक्रोडाच्या लाकडाच्या पट्टीवरचं लॅकर उन्हानं तडकतं. ते हातानं घासून पुन्हा चढवता येतं, वेळखाऊ पण समाधानाचं काम आहे. एका सीटचं चामडं शिवता येतं, मऊ करता येतं. पूर्ण गाडीचं आतलं काम नव्यानं करायचं ठरवलंत तर मात्र खर्च कुठच्या कुठे जाईल, म्हणून छत, कार्पेट, चारही दारांची आतली बाजू नीट बघून घ्या. तुमच्या पत्रावरून फक्त ड्रायव्हरची सीट गेलीय. ती बसण्यानं गेलीय, आणि बसण्यानं गेलेली सीट मला आवडते.

आणि शॅडो टू बद्दल एक चांगली बातमी. १९७७ साली शॅडो टू आली तेव्हा तिला रॅक अँड पिनियन स्टेअरिंग मिळालं, पुढचं सस्पेन्शन सुधारलं गेलं आणि आपोआप चालणारी, वर-खाली वेगवेगळं तापमान ठेवणारी वातानुकूलन यंत्रणा आली. आधीच्या शॅडोचं स्टेअरिंग बोटभर जोरानं फिरतं, पण रस्ता हाताला कळत नाही. टू वळणावर कितीतरी जास्त विश्वासानं चालते. शौकिनांना पहिल्या मालिकेचा क्रोमचा बंपर जास्त देखणा वाटतो, मलाही वाटतो. पण चालवायची असेल तर टू.

त्या तीन फाइली. मला त्या गाडीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. मालकाची परवानगी घ्या, जमिनीवर बसा आणि बिलं वर्षाप्रमाणे लावा. घाई करू नका, दोन तास लागू देत. ऑइल कधी कधी बदललं, होज कधी बदलले, गोळे कधी भरले, कूलंट कधी, हे शोधा. हायड्रॉलिकचं ऑइल दर दोन-तीन वर्षांनी बदललेलं दिसलं तर मालक जाणकार आहे. मध्ये पाच-सहा वर्षांची फट दिसली तर विचारा, तेव्हा गाडी कुठे होती? बिलांवरचे मैलांचे आकडेही एका कागदावर उतरवा, ते चढत गेले पाहिजेत. गाडी ब्रिटनमध्ये नोंदलेली असेल तर आणखी एक सोय आहे. गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का हे पाहणाऱ्या तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीचा निकाल, त्या दिवशीच्या मैलांसकट, गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतो. मात्र ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून त्या तपासणीतून सूट आहे, म्हणून अलीकडची वर्षं कोरी दिसली तर लगेच संशय घेऊ नका. चासी क्रमांकही ताडून पाहा. एसआरएच म्हणजे उजव्या हाताच्या स्टेअरिंगची रोल्स सलून, एसआरएक्स म्हणजे डाव्या हाताची. एसबीएच दिसलं तर ती मुळात बेंटले, म्हणजे शॅडोची जुळी बहीण आहे, पुढे रोल्सची जाळी लावली असली तरी. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये पॉलर्सपरी गावी हंट हाऊस इथे रोल्स-रॉईस एन्थुझियास्ट्स क्लबचं ठाणं आहे. क्रूच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. मूळ रंग कोणता, पहिल्या मालकानं काय काय मागवलं होतं, हे तिथून कळू शकतं. विकत घेण्याआधी नाही जमलं तर नंतर नक्की मागवा. आपल्या गाडीचा जन्मदाखला हातात येतो तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही.

आता तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, हिशेबाला त्या बरोबर आहेत. शॅडोच्या दोन्ही मालिका मिळून २५ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, रोल्ससाठी हा आकडा फारच मोठा. म्हणून ती विकत घेणं त्या नावाच्या मानानं सोपं असतं आणि तिथेच माणसं फसतात. घेण्याचा खर्च उतरत जातो, सांभाळण्याचा खर्च मात्र नव्या रोल्सच्या तोलाचाच राहतो. लिटरला पाच किलोमीटर दिले तर आनंद माना. म्हणून माझी अट अशी: गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवता येत असेल तरच घ्या, आणि ती रक्कम पहिल्या दोन वर्षांत खर्च होईल असं धरूनच चाला. विमा "ठरलेल्या किमतीचा" घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधीच लिहून ठरवलेली असते. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी तिला कुठलीतरी जुनी मोटार समजून पैसे देईल. गाडी गुंतवणूक म्हणून घेतोय असं पत्नीला सांगू नका. ते खरं नाही, आणि त्यांना ते कळेल. एक गोष्ट ५० वर्षं मनात होती आणि आता ती झेपेल तेवढीच घ्यायची आहे, असं सांगा. मेकॅनिक गाडीच्या आधी शोधा. शॅडोचं हायड्रॉलिक्स ज्याच्या हाताखालून गेलंय असा माणूस तुमच्या आवाक्यात नसेल, तर ही गाडी नका घेऊ. याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही.

संग्रहाचं म्हणाल तर सध्या तो विचार बाजूला ठेवा. दोन वर्षं एकाच गाडीबरोबर काढा. दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला एकदा, तीस-चाळीस किलोमीटर तिला फिरवा, इंजिन पुरतं तापू द्या, ब्रेक मनापासून वापरा. नुसतं जागेवर सुरू करून पाच मिनिटांनी बंद करू नका, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून कुजतो. इथेनॉल कमी असलेलं पेट्रोल मिळत असेल तर तेच भरा, इथेनॉल जुने रबरी पाइप खातं आणि पाणीही ओढतं. वर प्लास्टिकचं कापड घालू नका, हवा खेळेल असं सुती घाला. हे दोन वर्षं न कंटाळता जमलं तर दुसऱ्या गाडीला जागा करा. नाही जमलं तर दोन उभ्या गाड्या दारात येण्यापासून वाचाल.

आणि दुसरी घ्यायची वेळ आली तर? नावं जमवत सुटू नका, एखादा धागा धरा. तुम्ही जग्वार म्हणता. १९६८ ची एक्सजे६ ही जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या देखरेखीखाली आलेली शेवटची सलून. तिच्यातलं एक्सके इंजिन मुळात १९४८ सालचं. चालवायला ती शॅडोपेक्षा जास्त चपळ आणि मऊ, असं मी शॅडोचा मालक असूनही प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या मालिकेतलं २.८ लिटरचं इंजिन टाळा, त्याचे पिस्टन जळायचे, ४.२ घ्या. १९७९ च्या तिसऱ्या मालिकेला पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीनं छपराची नवी रेषा दिली, ती माझ्या डोळ्यांना सर्वांत सुंदर वाटते. एक्सजेला पेट्रोलच्या दोन टाक्या, मागच्या दोन्ही मडगार्डांत एक एक. वर क्रोमचं झाकण उघडलं की आत पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. ते कचऱ्यानं बुजलं की पावसाचं पाणी टाकीत उतरतं आणि टाकी आतून गंजते. झाकण उघडून बोट फिरवा, तेवढ्यात मालकाची काळजी कळते. पुढच्या क्रॉसमेंबरवर (पुढचा आडवा लोखंडी आधार) आणि सिलवर गंज असेल तर मागे फिरा.

रोव्हर पी५बी मात्र लोक विसरतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९६७ ते १९७३ या काळात बनलेली, मुळात ब्यूक या अमेरिकन कंपनीनं काढलेलं साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, आत लाकूड आणि चामडं. ब्रिटनचे पंतप्रधान ती वापरायचे. १९७९ साली मार्गारेट थॅचर पंतप्रधान होऊन पहिल्यांदा डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या याच गाडीतून, आणि तेव्हा तिचं उत्पादन बंद होऊन सहा वर्षं झाली होती. यंत्र साधं आहे, शॅडोसारखी हायड्रॉलिकची धास्ती नाही. तुमच्या वेळेचा आणि पत्नीच्या काळजीचा विचार करता दुसरी गाडी म्हणून मी हीच सुचवेन. आणि शॅडोवरच जीव जडला तर बेंटले टी आहे. तीच गाडी, फक्त जाळी आणि नाव वेगळं, पण शॅडोच्या मानानं फारच थोड्या बनल्या.

पहिल्या गाडीच्या मालकाला नम्रपणे नकार कळवा. दुसरीच्या मालकाला फोन करा, इंजिन थंड ठेवायला सांगा, आणि पत्नीला बरोबर न्या. चालवताना त्यांना शेजारी नाही, मागच्या सीटवर बसवा. ही गाडी त्या सीटसाठी बांधली होती. वीस किलोमीटर जाऊन या, खडबडीत रस्ताही घ्या. परत आल्यावर त्यांच्याशी बोला, मग इंजिन बंद करून ब्रेक मोजा. आकडा किती आला ते मला कळवा.